भारतीय लढाऊ विमान : एक एंजिन की दोन?

लढाऊ विमानाला एंजिन एक असावे की दोन, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटतो आणि त्याची चर्चाही बहुधा त्याच अंगाने होत आली आहे. एका एंजिनाचे विमान हलके, स्वस्त व सांभाळण्यास सोपे. दोन एंजिनांचे विमान सुरक्षित, लांब पल्ल्याचे व अधिक भार वाहणारे. अशी दोन्ही पक्षांची मांडणी ठरून गेलेली आहे. भारतात हा वाद सर्वांत उघडपणे झाला तो २०१६ ते २०१८ या काळात. हवाई दलासाठी परदेशी बनावटीचे विमान भारतात बांधावयाचे ठरले, ते एका एंजिनाचेच असावे अशी अट प्रथम घालण्यात आली आणि दोन वर्षांच्या आत ती काढूनही टाकण्यात आली. परंतु भारतीय विमानबांधणीच्या एकंदर इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, एंजिनांच्या संख्येचा निर्णय येथे क्वचितच स्वतंत्रपणे घेतला गेला. कोणते एंजिन, कोणाकडून व कोणत्या शर्तींवर मिळते, यावरून ती संख्या ठरत गेली. या परिस्थितीचा आरंभ भारतीय विमान कारखानदारीच्या आरंभाइतकाच जुना असून, त्याचा मागोवा घेऊ लागल्यास सोलापूरच्या एका व्यापारी घराण्यापर्यंत जावे लागते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. सौराष्ट्रातून दक्षिणेत आलेले हे गुजराती भाषक जैन घराणे कापसाच्या व सावकारीच्या व्यवहारात होते. वालचंदांना त्यात गोडी वाटली नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून पुढे ते मोठे बांधकाम-व्यावसायिक झाले. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभी राहिली, तीत त्यांचे सहकारी होते ते सोलापूरची जुनी गिरणी काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी. जहाजे, विमाने व मोटारी या तिन्ही क्षेत्रांत वालचंदांनी जे केले त्याची पद्धत एकच होती. परदेशी यंत्र आणावयाचे, येथे जुळवावयाचे, आणि जुळविता जुळविता बनविण्यास शिकावयाचे. लँकेशायरच्या यंत्रांवर चालणाऱ्या गिरण्यांच्या गावी वाढलेल्या माणसाला याहून वेगळा मार्ग सुचणे कठीणच होते.

१९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून पॅसिफिक महासागर ओलांडून परत येत असता त्यांची विमानात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनसाठी विमाने बांधण्याच्या उद्योगात होता. या भेटीतून हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढण्याची कल्पना निघाली. मैसूर संस्थानाने, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने, जमीन दिली आणि २५ लाख रुपयांचे भांडवल घातले. आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये हार्लो हे प्रशिक्षण-विमान आणि १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान तेथे जुळवून उडविण्यात आले. जपानी आक्रमणाचे सावट पडताच १९४२ मध्येच सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला. दोन वर्षे टिकलेल्या या खाजगी प्रयत्नाचे महत्त्व विमानांच्या संख्येत नाही. ती अगदीच थोडी होती. महत्त्व आहे ते कामाच्या विभागणीत. सांगाडा बंगलोरला जुळावयाचा आणि एंजिन खोक्यात बंद होऊन अमेरिकेहून यावयाचे. हीच विभागणी, देश व एंजिने बदलत, पुढे ऐंशी वर्षे टिकली.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलात आलेली पहिली लढाऊ जेट विमाने सर्वच एका एंजिनाची होती. १९४८ मध्ये व्हॅम्पायर, १९५३ मध्ये फ्रेंच ऊरागाँ, ज्याला येथे तूफानी असे नाव मिळाले, १९५७ मध्ये मिस्तेर व हंटर. यातून कोणी असा निष्कर्ष काढील की, त्या काळच्या हवाई दलाने एका एंजिनाचे तत्त्व स्वीकारले होते, तर ते बरोबर होणार नाही. त्या वेळी ब्रिटन व फ्रान्स जी लढाऊ विमाने विकावयास तयार होते, त्यांतील बहुतेक तशीच होती. बाँबफेकी कॅनबेरा विमान मात्र दोन एंजिनांचे होते आणि तेही घेण्यात आले.

या मालिकेत नॅट या विमानाचा विचार थोडा निराळा करावा लागतो. त्याचा आराखडा करणारा पेटर हा एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही पक्ष सामावल्याचा नमुना होय. दोन एंजिनांचे कॅनबेरा त्याचेच. एकावर एक अशी दोन एंजिने रचलेले स्वनातीत लायटनिंग त्याच्याच कल्पनेतून सुरू झाले. आणि नंतर लढाऊ विमाने निष्कारण जड व महाग होत चालली आहेत असे ठाम मत बनवून त्याने एका लहान ऑर्फियस एंजिनाभोवती नॅट रचले. त्याच्या मायदेशाने ते लढाईसाठी घेतले नाही. भारताने घेतले, बंगलोरला त्याची बांधणी परवान्याने सुरू केली, आणि १९६५ च्या युद्धात त्याने सेबर विमानांविरुद्ध मिळविलेली कीर्ती सर्वश्रुत आहे. पण पुढील इतिहासाच्या दृष्टीने नॅटपेक्षाही महत्त्वाचे होते ते त्याचे एंजिन. ऑर्फियस एंजिन बनविण्याचा परवाना मिळाल्यामुळे बंगलोरला एंजिनांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि भारताच्या हाती, परक्याच्या आराखड्याचे का होईना, एक जेट एंजिन आले.

जर्मन अभियंता कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगलोरला आला तेव्हा त्याच्यापुढे हीच वस्तुस्थिती होती. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, जमिनीवर मारा करू शकणारे विमान हवे होते. एवढ्या कामाला पुरेल असे एकच मोठे एंजिन भारताला हाताशी नव्हते. ऑर्फियस लहान होते, म्हणून दोन घ्यावयाची. मारुत विमान दोन एंजिनांचे झाले त्याचे मूळ येथे आहे. सुरक्षिततेची गणिते त्यानंतर आली. त्यातही आराखडा गृहीत धरीत होता ते साधे ऑर्फियस नव्हेच. एंजिनाच्या शेपटाकडील नळीत पुन्हा इंधन जाळून जोर वाढविणारी जी योजना आफ्टरबर्नर म्हणून ओळखली जाते, ती लावलेले ऑर्फियस १२ हे त्याचे सुधारलेले भावंड टांकच्या मनात होते. त्याचा रेटा सुमारे ३,७०० किलोग्रॅम होणार होता. म्हणजे दोहोंचा मिळून ७,४०० किलोग्रॅम.

ते एंजिन कधीच आले नाही. युरोपात त्याला गिऱ्हाईक उरले नाही, ब्रिटिश सरकारने त्यातून अंग काढून घेतले, आणि पुढील विकासाचा खर्च भारताने सोसावा अशी कारखानदारांची मागणी झाली. भारताने ती मान्य केली नाही. विदेशी चलनाच्या तुटवड्याचे ते दिवस होते हे खरे. तथापि विमानाच्या सांगाड्यावर खर्च करावयाचा आणि ज्याच्या भरवशावर तो सांगाडा आखला त्या एंजिनासाठी हात आखडता घ्यावयाचा, हा निर्णय भारतीय विमानबांधणीच्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेल्या काटकसरींपैकी एक ठरला. जून १९६१ मध्ये सुरंजन दास यांनी मारुतचे पहिले उड्डाण केले ते आफ्टरबर्नर नसलेल्या ऑर्फियस ७०३ या एंजिनांवर. या दोन एंजिनांचा एकत्रित रेटा सुमारे ४,४०० किलोग्रॅम होता. त्याच काळात घेतलेल्या मिग-२१ या विमानाच्या एकट्या एंजिनाचा रेटा, आफ्टरबर्नर धरून, ६,१०० किलोग्रॅमच्या वर जात होता. दोन एंजिनांचे विमान अधिक शक्तिमान असते, या समजुतीला येथे भारताच्या घरातच उत्तर मिळाले होते.

मारुतचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास अडकून पडला. त्यानंतरची कथा ही एंजिनाच्या शोधाची कथा आहे. रशियन एंजिनांचा विचार झाला. इजिप्तमध्ये ऑस्ट्रियन अभियंता ब्रांडनर बनवीत असलेल्या ई-३०० या एंजिनासाठी एक मारुत तिकडे पाठविण्यात आले आणि १९६७ मध्ये त्याची उड्डाणे झाली. पण अरब-इस्रायल युद्धानंतर तोही प्रकल्प मावळला. ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर लावण्याचे प्रयत्न बंगलोरला चालू होते. अशा सुधारलेल्या विमानाच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास मृत्युमुखी पडले. इजिप्तमधील प्रयोगाविषयी एक तपशील मात्र येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण त्याचा उपयोग पुढे होणार आहे. त्या मारुतमध्ये एका बाजूस नवे, अपरीक्षित ई-३०० होते आणि दुसऱ्या बाजूस जुने, भरवशाचे ऑर्फियस. नवे एंजिन दगा देईल तर जुन्यावर परत येता यावे, ही त्यामागील साधी योजना.

एवढे अपयश पदरात घेऊनही १९७१ च्या युद्धात मारुतने दोन एंजिनांच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा दिला. राजस्थानच्या आघाडीवर जमिनीलगत उडून मारा करीत असताना त्यांच्यावर खालून सतत गोळीबार होई. निदान तीन प्रसंगी एक एंजिन निकामी झालेले मारुत दुसऱ्या एंजिनावर आपल्या तळावर सुखरूप परतले. त्यांतील एक तर शत्रुप्रदेशात सुमारे २४० किलोमीटर आत असताना. वैमानिकाच्या दृष्टीने या तीन प्रसंगांचे मोल कोणत्याही आकडेमोडीपेक्षा अधिक होते. मारुतची एकूण १४७ विमाने बांधली गेली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली.

मारुत धडपडत असतानाच ऑगस्ट १९६२ मध्ये मिग-२१ विषयी सोव्हिएत संघाशी करार झाला होता. परवान्याने बांधणी करण्यासाठी सांगाड्याचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे, एंजिनाचा ओरिसात कोरापुट येथे आणि विद्युत्साधनांचा हैदराबाद येथे काढण्यात आला. या कारखान्यांची कंपनी व वालचंदांची जुनी बंगलोरची कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी एक होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था अस्तित्वात आली. सोलापूरच्या माणसाने मैसुरात नेलेला उद्योग अशा रीतीने महाराष्ट्रात आला. वालचंद मात्र १९५३ मध्येच निवर्तले होते. मिग-२१ ची भारतातील बांधणी सहाशेहून अधिक विमानांवर गेली आणि एका एंजिनाचे हे विमान साठ वर्षे हवाई दलाचा कणा राहिले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला.

एका एंजिनाविरुद्धचा लोकमताचा रोख मुख्यतः मिग विमानांच्या अपघातांवर आधारलेला आहे. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे मिग वर्गाच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत सापडली होती आणि त्यांत १७१ वैमानिकांचे प्राण गेले. हे आकडे भयंकर आहेत यात शंका नाही. परंतु ते एका एंजिनाचे आकडे आहेत असे म्हणणे म्हणजे अनेक कारणांचा भार एकाच कारणावर टाकणे होय. मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरे. सौम्य प्रशिक्षण-विमानावरून एकदम अशा विमानात बसणाऱ्या तरुण वैमानिकासाठी मधली पायरी हवी, अशी शिफारस ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. ती पायरी ठरणारे हॉक विमान सोलापूरहून फार दूर नसलेल्या बीदरच्या तळावर पोचण्यास २००८ साल उजाडले. या सव्वीस वर्षांचा हिशेब एंजिनाच्या नावे मांडता येत नाही. पश्चिम जर्मनीत हेच घडले. तेथील ९१६ स्टारफायटर विमानांपैकी जवळजवळ एक तृतीयांश नष्ट झाली. पण तेच एका एंजिनाचे विमान स्पेनने सात वर्षे एकही अपघात न होता उडविले. उघड आहे की, आकाश, काम व प्रशिक्षण यांतील फरकाचा वाटा तेथे एंजिनाच्या संख्येपेक्षा मोठा होता.

सुरक्षिततेचे गणित तसे सोपे मांडले जाते. समजा, दहा हजार तासांत एक एंजिन एकदा बंद पडते. तर दोन एंजिनांच्या विमानात त्याच अवधीत एखादे तरी एंजिन बंद पडण्याचे प्रसंग दोन येतील, म्हणजे दुरुस्तीचे काम दुप्पट. परंतु दोन्ही एकाच तासात बंद पडण्याची शक्यता दहा कोटींत एक इतकी क्षीण होईल. हा हिशेब बिनचूक आहे. फक्त तो एका गृहीतावर उभा आहे. दोन्ही एंजिने एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात, हे ते गृहीत होय. लढाऊ विमानात ती एकमेकांस चिकटून बसविलेली असतात. इंधनात दोष असला तर तो दोघांनाही बाधतो. पक्ष्यांचा थवा दोन्ही मुखांत शिरू शकतो. एकाच्या फुटलेल्या चकतीचे तुकडे भिंत भेदून शेजारच्यात घुसू शकतात. म्हणून दहा कोटी हा आकडा कागदावरच राहतो. तरीही एक आणि दोन यांतील अंतर नाहीसे होत नाही, हे मारुतच्या तीन प्रसंगांनी दाखविले आणि पुढे सुखोईने अधिक मोठ्या प्रमाणावर दाखविले.

१९७९ नंतर हवाई दलात दोन एंजिनांची विमाने येऊ लागली. प्रथम आलेले जग्वार हे मारुतचीच आठवण करून देणारे होते. दक्षिणेच्या पठारावर किंवा राजस्थानात उन्हाळ्यातील दुपारी हवा तापून विरळ होते, एंजिनाला कमी हवा मिळते आणि रेटा घटतो. सोलापूरच्या मे महिन्याचा ज्याला अनुभव आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. अशा हवेत जग्वारची दोन लहान एंजिने पूर्ण भारासह धापा टाकीत. ती बदलण्याची योजना वर्षानुवर्षे चालून २०१९ मध्ये खर्चाच्या कारणाने सोडून देण्यात आली. त्यानंतरची दोन विमाने प्रथम पुण्याजवळच्या लोहगाव तळावर दाखल झाली : १९८७ मध्ये मिग-२९ आणि १९९७ मध्ये सुखोई-३०. त्याच कालखंडात एका एंजिनाची मिराज-२००० व मिग-२७ हीही घेतली गेली. मिग-२७ तर ओझरलाच बांधले गेले. म्हणजे ज्या दशकात दोन एंजिनांकडे कल झाला असे म्हटले जाते, त्या दशकातही निवड मिश्रच होती. विक्रेता जे देईल व उधारीच्या ज्या सवलती देईल, त्यांवर ती अवलंबून होती.

सुखोईच्या बाबतीत संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये संसदेपुढे ठेवलेली माहिती दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारी आहे. २०१२ पासून एंजिन निकामी होण्याच्या ६९ प्रसंगांची चौकशी झाली होती आणि त्यांपैकी ३३ प्रसंगी दोष बेअरिंगमध्ये आढळला होता. या ६९ प्रसंगांच्या मानाने त्या काळात गमावलेली सुखोई विमाने अगदी थोडी होती. एका एंजिनाच्या विमानात इतके बिघाड झाले असते तर काय घडले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. पण प्रश्नाची दुसरी बाजूही याच आकड्यांत आहे. दुसऱ्या एंजिनाने पहिल्याचा दोष झाकला. बेअरिंगचा दोष एंजिनाच्या घडणीत होता. त्यावर उपाय शोधण्यासाठी रशियन कारखान्याकडे जावे लागले. विमान वाचले, परावलंबन राहिले. आणि लोहगावहून उडालेले एक सुखोई ऑक्टोबर २०१४ मध्ये थेऊरजवळ कोसळले तेव्हा चर्चा झाली ती वैमानिकांना बाहेर फेकणाऱ्या आसनांची. एंजिनांचा तेथे संबंधच आला नाही.

अन्य देशांचा अनुभव येथे थोडक्यात पाहणे पुरे. अमेरिकेत १९७५ मध्ये एकाच स्पर्धेतील दोन विमानांपैकी हवाई दलाने एका एंजिनाचे निवडले, ते एफ-१६. आणि त्याच वर्षी आरमाराने दोन एंजिनांच्या प्रतिस्पर्ध्यावरून एफ-१८ बेतून घेतले. समुद्रावर उतरावयास दुसरी जागा नसते, हा आरमाराचा युक्तिवाद होता. उत्तर ध्रुवाकडील निर्जन प्रदेशावर पहारा करणाऱ्या कॅनडाने १९८० मध्ये तोच मानला. पुढे तेच अमेरिकन आरमार आणि तोच कॅनडा एका एंजिनाच्या एफ-३५ कडे वळले, कारण मधल्या काळात एंजिनच अधिक भरवशाचे झाले होते. ज्यांच्याजवळ एंजिन बनविण्याची विद्या आहे त्यांना संख्येचा प्रश्न असा पुन्हा पुन्हा नव्याने सोडविता येतो.

भारतातील २०१६ ते २०१८ च्या वादाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १२६ विमानांच्या खरेदीसाठी २००७ मध्ये निघालेल्या स्पर्धेत दोन्ही प्रकारची सहा विमाने होती. तीतून निवडलेल्या दोन एंजिनांच्या राफालची किंमत झेपेना आणि अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांवर निभावून नेण्यात आले. जुनी मिग विमाने निवृत्त होत असल्यामुळे संख्या तर भरून काढणे भाग होते. तेव्हा स्वस्त म्हणून एका एंजिनाचे विमान भारतात बांधावे, असा विचार पुढे आला. ही अट घालताच जगातील उमेदवार दोनच उरले : अमेरिकन एफ-१६ व स्वीडिश ग्रिपेन. एक पाकिस्तानच्या हवाई दलात १९८३ पासून असलेले, दुसरे तटस्थतेची परंपरा सांगणाऱ्या देशाचे, अशी त्यांची तुलना तेव्हा पुष्कळ झाली. पण एफ-१६ चे एंजिन अमेरिकन आणि ग्रिपेनच्या नव्या आवृत्तीचे एंजिनही अमेरिकन, शिवाय भारताच्या स्वतःच्या तेजसमध्ये बसविलेले एंजिनही अमेरिकन, या गोष्टीचा उल्लेख चर्चेत जेवढा व्हावयास हवा होता तेवढा झाला नाही. एका एंजिनाची निवड म्हणजे त्या क्षणी एकाच देशाच्या एंजिनाची निवड होती. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांचा फटका तेजसच्या कामाला बसला होता, हे ध्यानात घेता याचा अर्थ लहान नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये ११० विमानांसाठी नव्याने विचारणा झाली तेव्हा एक किंवा दोन, कोणतेही चालेल, असे जाहीर करण्यात आले. अट मागे घेतल्याने स्पर्धा वाढली. मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

तो मूळ प्रश्न सोडविण्याचा भारताचा मोठा प्रयत्न म्हणजे कावेरी एंजिन. हलक्या लढाऊ विमानासाठी ते बनवावे म्हणून १९८९ मध्ये सुमारे ३८२ कोटी रुपये मंजूर झाले. अपेक्षित रेटा त्याला गाठता आला नाही. ४ जानेवारी २००१ रोजी तेजसचे पहिले उड्डाण झाले ते अमेरिकन एफ-४०४ एंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरीची त्या विमानापासून फारकत करण्यात आली. येथे इजिप्तमधील त्या मारुतची आठवण होते. नवशिक्या देशाने आपले पहिले एंजिन अशा विमानासाठी आखले की, ज्यात त्याच्या जोडीला दुसरे एंजिन नव्हते. त्यामुळे कावेरीला थोडे कमी पडण्याची मुभाच राहिली नाही. रेटा पूर्ण असेल तरच विमान उडणार, आणि एंजिन पूर्ण विश्वासार्ह असेल तरच वैमानिक त्यात बसणार. आकाशातील चाचणीसाठी त्याला २०१० मध्ये रशियात चार एंजिनांच्या मालवाहू विमानावर चढवावे लागले. ज्या सुमारास कावेरीचे काम मंजूर झाले त्याच सुमारास शेवटची मारुत विमाने निवृत्त होत होती, हा केवळ योगायोग. मारुतमध्ये कावेरी बसले असते असे नव्हे. आकारमानाचाच मेळ नव्हता. परंतु दोन एंजिनांचे विमान हे नव्या एंजिनाची शाळा होऊ शकते, हा स्वतःच्याच हँगरमधील धडा आराखडा करणाऱ्यांच्या विचारात आला असता, तर हलके विमान व देशी एंजिन यांची गाठ एकमेकांच्या गळ्यात बांधली गेली नसती. दोन एंजिनांच्या नव्या देशी विमानासाठी मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, तेव्हाही आरंभीची विमाने अमेरिकन एफ-४१४ वर उडवावयाची व नवे एंजिन मागाहून आणावयाचे, असेच ठरले. या नव्या एंजिनासाठी फ्रेंच कंपनीचे सहकार्य घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १-ए विमानाने उड्डाण केले. ज्या कारखान्यात मिग-२१ व मिग-२७ बांधली गेली, जेथे दोन एंजिनांच्या सुखोईची बांधणी झाली व डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारांची मागणी नोंदली गेली, तेथेच आता एका एंजिनाचे देशी विमान तयार होऊ लागले आहे. सुखोईची एंजिने रशियन परवान्याने कोरापुटला बनतात. २०२४ मध्ये तेथे २४० एंजिनांची मागणी २६,००० कोटींहून अधिक रुपयांना देण्यात आली. तेजससाठी ९९ एंजिनांची मागणी अमेरिकेकडे २०२१ मध्ये केली होती. त्यांतील पहिले एंजिन हाती आले मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात तयार सांगाडे बंगलोरच्या कारखान्यात एंजिनाच्या खोक्यांची वाट पाहत उभे होते.